मुलींनो, मर्चंट नेव्हीत कप्तान व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान बारावीतल्या मुलींसाठी आहे, त्यांच्या आईवडिलांसाठी आहे आणि आधीच कॅडेट (प्रशिक्षणार्थी अधिकारी) किंवा ज्युनिअर ऑफिसर म्हणून जहाजावर असलेल्या मुलींसाठीही आहे. प्रवेशपरीक्षेची माहिती कुठेही मिळते. पण कप्तानपदाच्या वाटेवर मुली गळतात त्या बहुतेक दोन जहाजांच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत. म्हणून इथे परीक्षेपेक्षा समुद्रावरच्या महिन्यांच्या हिशेबावर जास्त भर दिला आहे.

मर्चंट नेव्ही म्हणजे नौदलच ना?

नाही. नौदल हे संरक्षण दल. मर्चंट नेव्ही म्हणजे व्यापारी जहाजं: तेल, कोळसा, धान्य, कंटेनर, गाड्या, गॅस वाहून नेणारी. तिथे कंपनीची नोकरी असते आणि बहुधा एकेका जहाजापुरता करार असतो. भारतात या क्षेत्राचं नियमन नौवहन महासंचालनालय करतं. सगळे त्याला डीजी शिपिंग म्हणतात, मुख्यालय मुंबईत आहे. या पानावर नियम तपासायला सांगितलं असेल तिथे डीजी शिपिंगचं अधिकृत संकेतस्थळच बघा, व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ नको.

खरंच एखादी बाई कप्तान झाली आहे का?

झाली आहे, आणि फार पूर्वी. सोव्हिएत संघाच्या ॲना श्चेटिनिना १९३५ मध्ये कप्तान झाल्या. वय अवघं २७. पहिलीच कामगिरी 'चाविचा' हे जहाज हॅम्बुर्गहून थेट कामचात्काला नेण्याची.

भारतात राधिका मेनन यांचं नाव पहिलं. मूळच्या केरळच्या कोडुंगल्लूरच्या. शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियात त्या रेडिओ ऑफिसर म्हणून लागल्या, मग डेकच्या, म्हणजे जहाज चालवणाऱ्या विभागाच्या, परीक्षा दिल्या. २०१० मध्ये मास्टरचं, म्हणजे कप्तानपदाच्या पात्रतेचं, प्रमाणपत्र मिळालं आणि २०१२ मध्ये 'सुवर्ण स्वराज्य' या तेलवाहू जहाजाची सूत्रं हाती आली. जून २०१५ मध्ये ओडिशातल्या गोपालपूरजवळ त्यांच्या 'संपूर्ण स्वराज्य' जहाजावरून 'दुर्गम्मा' नावाची भरकटलेली मासेमारी नौका दिसली. इंजिन बंद, नांगर गेलेला, लाटा २५ फुटांच्या वर. पायलट शिडी (जहाजाच्या बाजूने खाली सोडायची दोराची शिडी) सोडून सातही मच्छीमारांना वर घेतलं गेलं. त्याबद्दल २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार त्यांना मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

६ मार्च २०२१ रोजी न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातून 'स्वर्ण कृष्ण' हे तेलवाहू जहाज निघालं. त्यावरच्या सगळ्या अधिकारी महिला होत्या आणि कप्तान होत्या सुनेहा गडपांडे.

तरी आकडा अजून लहानच आहे. २०२१ च्या जागतिक मनुष्यबळ अहवालानुसार जगभरातल्या सुमारे १८.९ लाख दर्यावर्दींत महिला होत्या २४,०५९, म्हणजे १.२८ टक्के. त्यातल्याही बऱ्याच जणी क्रूझ जहाजांवर असतात. मालवाहू जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, तुम्ही बहुधा एकट्याच असाल, हे गृहीत धरूनच तयारी करा.

बारावीनंतर नेमकं काय करायचं?

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित या तिन्हींत मिळून ६० टक्के आणि दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत ५० टक्के लागतात. वयोमर्यादेत मुलींना दोन वर्षांची सवलत आहे: मुलांना २५, मुलींना २७. या अटी अधूनमधून बदलतात, त्यामुळे अर्ज भरायच्या वर्षीचं परिपत्रक बघाच.

मग इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेशपरीक्षा, आयएमयू-सीईटी. पुढे डेकसाठी मुख्य वाटा दोन:

- डीएनएस (डिप्लोमा इन नॉटिकल सायन्स). एक वर्ष संस्थेत, मग १८ महिने समुद्रावर कॅडेट म्हणून.
- बीएस्सी नॉटिकल सायन्स. तीन वर्षं संस्थेत, मग १२ महिने समुद्रावर.

आयएमयूचा नवी मुंबईचा परिसर म्हणजे पूर्वीचं टी. एस. चाणक्य. शिपिंग कॉर्पोरेशनने सुरू केलेली प्रशिक्षण संस्था पवईला आहे. तळेगावजवळ इंदुरी, लोणावळा आणि कर्जत इथे खासगी संस्था आहेत.

कंपनीची स्पॉन्सरशिप हातात असेल तर आम्ही डीएनएस सुचवू, कारण समुद्रावर दोन वर्षं आधी पोचता येतं. स्पॉन्सरशिप नसेल तर बीएस्सी बरी. जहाज मिळायला वेळ लागला तरी हातात पूर्ण पदवी असते.

चष्मा आहे. चालेल?

डेकसाठी बहुधा नाही. रंगांधता तर अजिबात चालत नाही, कारण रात्री समोरचं जहाज कुठल्या बाजूला चाललंय हे त्याच्या लाल-हिरव्या दिव्यांवरूनच ओळखायचं असतं. इंजिन विभागात ठरावीक नंबरपर्यंत चष्मा चालतो. म्हणून क्रम उलटा करा: क्लासची फी भरण्याआधी डीजी शिपिंगच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडून डोळे तपासून घ्या. क्लासवर लाखभर रुपये घालून झाल्यावर रंगांधता कळलेल्या मुलामुलींची संख्या कमी नाही.

स्पॉन्सरशिप इतकी महत्त्वाची का?

कारण संस्थेतलं वर्ष संपतं आणि कॅडेटला जहाजच मिळत नाही, असं सर्रास घडतं. प्रशिक्षणाची फी काही लाखांत असते आणि बँकेचं कर्ज जहाजाची वाट बघत थांबत नाही. स्पॉन्सरशिप म्हणजे प्रशिक्षणानंतर जहाजावर घेण्याची कंपनीची लेखी हमी. मुलींसाठी ती आणखी मोलाची, कारण काही कंपन्या अजूनही मुली घेतच नाहीत, आणि घेणाऱ्यांतल्या काही दोघींना एकाच जहाजावर पाठवायचं म्हणून दुसरी मुलगी मिळेपर्यंत पहिलीला घरी बसवतात.

मुलाखतीत हे चार प्रश्न बिनदिक्कत विचारा:

- मागच्या दोन वर्षांत किती मुली कॅडेट म्हणून घेतल्या आणि त्यातल्या किती आज ऑफिसर आहेत?
- प्रशिक्षण संपल्यापासून किती महिन्यांत जहाज देता?
- मुलींना सगळ्या प्रकारच्या जहाजांवर पाठवता की ठरावीक जहाजांवरच?
- सेकंड मेटची परीक्षा (डेक ऑफिसर होण्याची पहिली परीक्षा) पास झाल्यावर थर्ड ऑफिसर, म्हणजे सर्वांत कनिष्ठ डेक अधिकारी, म्हणून परत घेणार का?

पहिल्या प्रश्नाला गोलगोल उत्तर आलं तर ती कंपनी यादीत खाली ढकला. कॅडेट म्हणून मुलीला घेऊन फोटो छापणं सोपं असतं. तीच मुलगी काही वर्षांनी चीफ मेट (कप्तानाच्या खालोखालचा डेक अधिकारी) म्हणून दिसते का, यावर कंपनी जोखावी.

एजंट तीन लाखांत थेट जहाज देतो म्हणतोय. द्यावेत का?

नाही. नोकरी लावून देण्यासाठी दर्यावर्दीकडून पैसे घेणं बेकायदा आहे. भारतातून जहाजावर भरती करणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल परवाना लागतो. परवाना क्रमांक मागा, तो संकेतस्थळावर घालून बघा, आणि नाव, पत्ता, मुदत तिन्ही जुळतात का ते पाहा. 'आमची मुख्य कंपनी दुबईला आहे, परवाना तिकडे आहे' असं उत्तर मिळालं की उठून बाहेर या. सहीचा करार विमानतळावर मिळेल असं सांगणाऱ्यांचंही तेच करा. अशा वाटेने गेलेल्यांचा सी-टाइम, म्हणजे समुद्रावर काढलेला काळ, पुढे परीक्षेला ग्राह्य धरला जात नाही. पैसे बुडतात, त्याहून वर्षं बुडणं जास्त महाग पडतं.

कप्तान व्हायला एकूण किती वर्षं लागतात?

सगळं सुरळीत झालं तर बारावीनंतर साधारण तेरा ते सोळा. नुसती वर्षं मोजून मात्र काही कळत नाही. मोजायचे असतात ते साइन ऑनपासून (जहाजावर रुजू होणं) साइन ऑफपर्यंतचे (जहाज सोडणं) दिवस. सुट्टी, वाट बघणं, कोर्स, परीक्षा यातलं काहीही सी-टाइममध्ये धरलं जात नाही.

डीएनएसवाल्या मुलीचा हिशेब असा जातो. एकोणिसाव्या वर्षी संस्था संपली. कॅडेटचे १८ महिने म्हणजे दोन-तीन जहाजं, मधली थांबण्याची वेळ धरून दोन ते अडीच वर्षं. मग सेकंड मेटचा कोर्स, लेखी आणि तोंडी परीक्षा. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी प्रमाणपत्र हातात आणि थर्ड ऑफिसर म्हणून पहिलं जहाज. पुढच्या चीफ मेटच्या परीक्षेसाठी दर्यावर्दींच्या प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय एसटीसीडब्ल्यू कराराचं किमान बंधन १२ महिन्यांचं आहे. भारतात १८ महिने धरून चाला. चार ते सहा महिन्यांचे करार आणि मधल्या सुट्ट्या मिळून त्याला पुन्हा अडीच वर्षं. मास्टरच्या परीक्षेसाठी याच कराराप्रमाणे वॉचकीपिंग ऑफिसर (ब्रिजवरची पाळी, म्हणजे वॉच, सांभाळणारा अधिकारी) म्हणून ३६ महिने लागतात. त्यातले किमान १२ चीफ मेट म्हणून केले असतील तर २४ पुरतात.

म्हणजे तिशीच्या आसपास मास्टरचं प्रमाणपत्र येतं आणि प्रत्यक्ष जहाज त्यानंतर दोन-चार वर्षांनी.

एक वही घाला. प्रत्येक जहाजाचं नाव, प्रकार, साइन ऑन, साइन ऑफ, एकूण दिवस आणि कुठल्या पदावर. सीडीसीतल्या (दर्यावर्दीच्या अधिकृत नोंदपुस्तकातल्या) नोंदींशी आणि कंपनीच्या सी-सर्व्हिस पत्राशी ती दर वेळी, जहाज सोडतानाच ताडून बघा. परीक्षेच्या अर्जाच्या वेळी चार दिवस कमी पडले म्हणून सहा महिने मागे पडणं हा फार सामान्य प्रकार आहे.

कॅडेट असताना मुलींचं नेमकं काय चुकतं?

बहुतेक वेळा त्यांचं काही चुकत नाही, त्यांना चुकीच्या कामाला लावलं जातं. तेही चांगल्या हेतूने. चीफ मेटला वाटतं, पोरीला कशाला टाकीत उतरवायचं. मग ती बसते शिप्स ऑफिसात: बंदराची कागदपत्रं, क्रू लिस्ट, चार्ट दुरुस्त्या. अक्षर चांगलं, काम चोख, सगळे खूश. दीड वर्षाने तोंडी परीक्षेत सर्व्हेयर (परीक्षक) विचारतो, विंडलासचा (नांगर ओढायच्या यंत्राचा) ब्रेक कसा तपासतेस? हॅच कव्हरचं (मालाच्या कोठाराच्या झाकणाचं) रबर कुठे झिजतं? आणि तिने ते हाताने कधी केलेलंच नसतं.

खरी किंमत पुढे मोजावी लागते. चीफ मेट म्हणजे माल, स्थिरता आणि संपूर्ण डेकची देखभाल. ते काम ऑफिसात बसून शिकता येत नाही.

यावर उपाय तुमच्याच ट्रेनिंग रेकॉर्ड बुकात आहे. त्यात कामांची यादी असते आणि प्रत्येकावर अधिकाऱ्याची सही लागते. दर रविवारी ते उघडा, न झालेल्या कामांतली तीन निवडा आणि चीफ मेटला सांगा: 'सर, या आठवड्यात ही तीन बाकी आहेत. बॅलास्ट टाकीची तपासणी आहे तेव्हा मला घ्याल का?' मला जड काम द्या असं म्हटलं की वाद होतो. रेकॉर्ड बुकातलं काम बाकी आहे म्हटलं की त्याला ते करून घ्यावंच लागतं, कारण कंपनीचं ऑफिस ते बुक तपासतं. शिवाय किमान सहा महिने ब्रिजवर वॉच केल्याची नोंद सेकंड मेटसाठी लागते, तीही वेळेत सुरू करून घ्या. सह्या जहाज सोडण्याआधी घ्या. साइन ऑफ झालेला अधिकारी नंतर सापडत नाही.

शारीरिक ताकद पुरते का?

पुरते. आजच्या जहाजावर दोर ओढतात ते हायड्रॉलिक विंच. डेकवर धोका असतो तो तुटलेल्या दोराच्या तडाख्याचा, आणि तो टाळायला कुठे उभं राहायचं नाही हे कळावं लागतं. स्टॅमिना मात्र लागतो: बंदरात माल चढ-उतार चालू असताना सहा तासांची ड्युटी, सहा तास विश्रांती, पुन्हा ड्युटी, असं तीन-तीन दिवस चालतं. नियमाने २४ तासांत किमान १० आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. नोंदवहीत खोटे तास भरायला कुणी सांगितलं तर भरू नका.

अडचण येते ती मापांची. बॉयलर सूट, हातमोजे, सेफ्टी शूज पुरुषी मापांचे येतात. सैल बाही विंचजवळ जीवघेणी ठरू शकते. मोठा हातमोजा शिडीवरची पकड घालवतो. सागरी कामगार करारात २०२२ मध्ये झालेल्या आणि डिसेंबर २०२४ पासून लागू असलेल्या दुरुस्तीनुसार योग्य मापाची संरक्षक साधनं देणं बंधनकारक आहे. जॉइन होण्याआधी मापं ईमेलने कळवा, म्हणजे लेखी राहतं.

पहिल्याच दिवशी इमर्शन सूट घालून बघा. थंड पाण्यात जीव वाचवणारा तो सूट चेहऱ्याभोवती घट्ट बसला नाही तर पाणी आत शिरतं आणि त्याचा उपयोगच उरत नाही. उंची १५५ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर लाइफजॅकेटही तपासा, कारण प्रौढांचं जॅकेट ४३ किलो आणि १५५ सेंटीमीटर यांच्या वरच्या माणसासाठी बनवलेलं असतं. श्वसनयंत्राचा मास्क लावताना केसांची बट कडेला अडकली तरी हवा गळते, तेव्हा केस मागे घट्ट बांधायचे. लहान माप जहाजावर नसेल तर लगेच थर्ड ऑफिसरला सांगा, पुढच्या बंदरात मागवता येतं.

केबिन, बाथरूम, पाळी: कसं जमतं?

स्त्री-पुरुषांच्या झोपण्याच्या खोल्या वेगळ्या असणं सक्तीचं आहे. नव्या मालवाहू जहाजांवर ऑफिसरला, आणि बहुतेकदा कॅडेटलाही, स्वतंत्र केबिन आणि आतच बाथरूम मिळतं. रात्री दार आतून लावायचं. मास्टर की कुणाकडे असते ते पहिल्या दिवशीच विचारून ठेवा.

सॅनिटरी पॅड सहा महिन्यांचा करार असेल तर आठ महिन्यांचे न्या. रिलीव्हर (बदलीला येणारा माणूस) न आल्याने करार लांबतोच. कप वापरायची सवय असेल तर सामान कमी होतं, पण सवय घरी करा, समुद्रावर पहिला प्रयोग नको. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही: जहाजावरची टॉयलेट बहुधा व्हॅक्यूमवर चालतात. एक पॅड फ्लश केलं तर अख्ख्या डेकची लाइन तुंबते आणि ती उघडायला फोर्थ इंजिनिअर येतो. कागदात गुंडाळून, पिशवी बंद करून ठेवायचं आणि इन्सिनरेटरमध्ये जाणाऱ्या कचऱ्यात टाकायचं. पाळीच्या गोळ्या किंवा इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरची चिठ्ठी जवळ ठेवा. काही देशांत कस्टम औषधांवर बारीक नजर ठेवतं.

छेडछाड किंवा लैंगिक छळ झाला तर?

जहाजावर घरी निघून जाता येत नाही, म्हणून हे आधी समजून घ्या.

प्रत्येक जहाजावर तक्रारीची लेखी पद्धत असावी लागते आणि तिची प्रत जॉइन होताना मिळायला हवी. तक्रार थेट कप्तानाकडे करता येते. कप्तानाविरुद्धच असेल तर कंपनीच्या किनाऱ्यावरच्या नेमलेल्या व्यक्तीकडे, जिला डीपीए म्हणतात. त्या व्यक्तीचं नाव आणि नंबर मेसरूमबाहेर लावलेला असतो. पहिल्या दिवशी त्याचा फोटो काढा. जहाजाचा झेंडा ज्या देशाचा, त्या देशाच्या सागरी प्रशासनाकडेही तक्रार जाते. भारतीय कंपनीत, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या पॉश कायद्याखालची अंतर्गत समिती असते, तिच्याकडे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. करार सहा महिन्यांचा असतो, त्यामुळे घरी गेल्यावर बघू म्हणत मुदत उलटते. ईमेल जहाजावरूनच करा.

नोंद त्याच दिवशी: तारीख, जहाजाची वेळ, जागा, शब्द जसेच्या तसे, आसपास कोण होतं. मेसेज खोडू नका. कॉरिडॉरमध्ये कॅमेरे असतील तर रेकॉर्डिंग जपून ठेवण्याची मागणी त्याच ईमेलमध्ये करा, कारण ते काही दिवसांत आपोआप पुसलं जातं.

१ जानेवारी २०२६ पासून जहाजावरच्या प्रत्येकाच्या मूलभूत प्रशिक्षणात हिंसा आणि लैंगिक छळ रोखण्याचा भाग आला आहे. 'आम्हाला माहीतच नव्हतं' हे आता कुणी म्हणू शकत नाही.

सगळ्यात अवघड पायरी कोणती?

सेकंड ऑफिसरवरून चीफ मेट. प्रमाणपत्र हातात असतं आणि बढती मिळत नाही. कारणं तीन.

पहिलं, वर सांगितलेली डेककामाची उणीव. चीफ मेट चार ते आठचा वॉच करतो आणि मधल्या वेळात सारंग, म्हणजे बोसन, आणि त्याच्या माणसांना कामं वाटतो. टाकीत माणूस उतरवण्याआधी ऑक्सिजन २०.९ टक्क्यांच्या आसपास आहे का, ज्वलनशील वायू स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या १ टक्क्याच्या आत आहे का, ते बघून परवान्यावर सही करायची ती त्याची. ती सही करायचा आत्मविश्वास कॅडेटपणी टाकीत उतरल्याशिवाय येत नाही. म्हणून सेकंड ऑफिसर असतानाच, स्वतःची कामं सांभाळून, चीफ मेटबरोबर लोडिंग प्लॅन करायला बसा. जहाज सोडताना कप्तानाच्या अहवालात 'बढतीस योग्य' हे शब्द यायला हवेत. ते स्पष्ट विचारा.

दुसरं, जहाजाचा प्रकार. तेलवाहू जहाजांवर मोठ्या तेल कंपन्या अधिकाऱ्यांचा एकत्रित अनुभव मोजतात: या कंपनीत किती, या पदावर किती, या प्रकारच्या टँकरवर किती. बल्क (सुटा माल), कंटेनर, टँकर अशा उड्या मारणाऱ्याचा आकडा सगळीकडे छोटा राहतो. थर्ड ऑफिसरच्या दुसऱ्या जहाजापर्यंत एक प्रकार ठरवा आणि तिथेच राहा.

तिसरं, वय. ही पायरी बरोबर पंचवीस ते तीसमध्ये येते, आणि घरी लग्नाचा विषयही तेव्हाच.

लग्न आणि बाळंतपण यांचं काय?

याचं उत्तर तारखा मांडून द्यावं लागतं. गरोदर असताना कंपन्या जहाजावर पाठवत नाहीत आणि ते बरोबरच आहे. बंदरापासून दहा दिवस दूर असताना रक्तस्राव झाला तर करता येण्यासारखं फारसं काही नसतं. मातृत्व लाभाच्या कायद्यात आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पण जहाजाचा करार साइन ऑफला संपतो, त्यामुळे दोन करारांच्या मध्ये असलेल्या बाईला कंपनी तुमची नोकरीच चालू नव्हती असं सांगू शकते. कायम नोकरी देणाऱ्या किंवा सुट्टीतही पगार चालू ठेवणाऱ्या कंपनीचं मोल इथे कळतं. धोरण लेखी मागा, गरज पडण्याच्या दोन वर्षं आधी.

ब्रेक घेतलात तरी प्रमाणपत्र जिवंत ठेवता येतं. दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी मागच्या पाच वर्षांत एकूण १२ महिने, किंवा अर्जाआधीच्या सहा महिन्यांत ३ महिने समुद्रावर लागतात. म्हणजे दोन-अडीच वर्षं घरी राहूनही प्रमाणपत्र जात नाही, बाकीच्या काळात बारा महिने जमवले की झालं. वैद्यकीय प्रमाणपत्र दोन वर्षांचं असतं आणि आग, जीवरक्षण वगैरे मूलभूत कोर्सेसची उजळणी पाच वर्षांनी. या तारखा फ्रिजवर लावा.

आमचा ठाम सल्ला: शक्य असेल तर चीफ मेटच्या पदावर एक-दोन करार झाल्यावर ब्रेक घ्या, नुसतं प्रमाणपत्र घेऊन नको. प्रत्यक्ष त्या पदावर काम केलेल्या बाईला कंपनी परत बोलावते. पदाचा अनुभव नसलेल्या प्रमाणपत्राला पुन्हा सेकंड ऑफिसरच्या रांगेत उभं राहावं लागतं. घरच्यांशी बोलतानाही 'मला करिअर करायचंय' यापेक्षा 'मला या पदावर अजून आठ महिने हवेत' हे वाक्य जास्त चालतं. सीनियर ऑफिसरला जोडीदाराला जहाजावर नेण्याची सोय बऱ्याच कंपन्यांत असते, आणि ती नवऱ्यालाही लागू आहे.

मास्टरचं प्रमाणपत्र मिळालं. आता कप्तान झालेच ना?

अजून नाही. राधिका मेनन यांच्याही बाबतीत प्रमाणपत्र आणि जहाज यांच्यात दोन वर्षं गेली. कंपनी बघते ते चीफ मेट म्हणून केलेले करार, एकामागोमाग दोन-तीन कप्तानांचे अहवाल, जहाज हाताळणीचा सिम्युलेटर कोर्स आणि मुलाखत. मुलाखतीत पुस्तकी प्रश्न कमी असतात: पायलट (बंदरात जहाज आत-बाहेर न्यायला येणारा स्थानिक मार्गदर्शक) चुकतोय असं वाटलं तर केव्हा हस्तक्षेप कराल? चार्टररने (जहाज भाड्याने घेणाऱ्याने) खराब हवामानातून सरळ जायला सांगितलं तर?

दुसऱ्याचं उत्तर नियमातच आहे. सुरक्षितता आणि प्रदूषण या बाबतींत अंतिम अधिकार कप्तानाचा, मालकाचाही नाही. हे ज्या बाईला ठामपणे आणि आवाज न चढवता सांगता येतं, तिला जहाज मिळतं.

दर सहा महिन्यांनी क्रूइंग मॅनेजरला (जहाजावरच्या नेमणुका करणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्याला) लिहा: माझे इतके महिने झाले, इतके बाकी, बढतीच्या यादीत मी कितवी? हा प्रश्न पुरुष सहज विचारतात. मुली चांगल्या कामाची दखल आपोआप घेतली जाईल म्हणून थांबतात आणि यादी पुढे सरकते.

पुरुष क्रू बाईचं ऐकतो का?

ऐकतो, जर हुकूम स्पष्ट असेल. जहाजावर पदाची उतरंड पक्की असते आणि ती इथे बाईच्या कामी येते. त्रास पहिल्या आठवड्यात होतो. पंचवीस वर्षं समुद्रावर काढलेला रत्नागिरीचा सारंग काही न बोलता बघत असतो. त्याच्याकडून डेक शिकून घ्या, कारण त्याला खरंच येतं. पण काम वाटताना सकाळची यादी तुमचीच असू द्या. विचारणं आणि सोपवून टाकणं यातला फरक तो लगेच ओळखतो.

बाहेरून येणारे जास्त गोंधळतात. पायलट ब्रिजवर येतो आणि सरळ उंच दिसणाऱ्या थर्ड ऑफिसरशी हात मिळवतो. शिडीजवळ पायलटला घ्यायला जाणाऱ्या अधिकाऱ्याला आधीच सांगून ठेवा, वर येताना कप्तानाचं नाव सांगायचं. पायलट ब्रिजवर आला की पहिलं वाक्य तुमचं: 'गुड मॉर्निंग पायलट, मी कप्तान अमुक,' आणि पायलट कार्ड (जहाजाची माहिती असलेलं) तुमच्या हातातून. नाइट ऑर्डर बुकातल्या (कप्तानाने रात्रीसाठी लिहायच्या वहीतल्या) सूचनाही आकड्यांत लिहा. समोरचं जहाज दोन मैलांच्या आत जाणार असेल तर मला उठवा, अशी सूचना कुणी आपापल्या सोयीने वाचू शकत नाही.

इंजिन विभागातून जायचं असेल तर?

तिथलं सर्वोच्च पद चीफ इंजिनिअर. चार वर्षांचं बीटेक मरीन इंजिनिअरिंग, किंवा मेकॅनिकल पदवीनंतर एक वर्षाचा कोर्स. मग एमईओच्या (मरीन इंजिनिअर ऑफिसर) परीक्षा: क्लास फोर, टू आणि वन. कोलकात्यात शिकलेल्या सोनाली बॅनर्जी भारतातल्या पहिल्या महिला मरीन इंजिनिअर ठरल्या. मुंबईत आयएमयूच्या मुंबई पोर्ट परिसरात हा अभ्यासक्रम आहे. मशिनरी आवडत असेल तर इकडेच या. डेक निव्वळ कप्तान या शब्दासाठी निवडू नका.

समुद्र सोडल्यावर वरच्या जागा मिळतात का?

मिळतात, आणि तिथली दारं दोन्ही बाजूंनी उघडतात. शिपिंग कॉर्पोरेशनच्या अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक झालेल्या एच. के. जोशी वित्त विभागातून आल्या होत्या. डीजी शिपिंगच्या प्रमुख राहिलेल्या मालिनी शंकर प्रशासकीय सेवेतल्या, त्या पुढे आयएमयूच्या कुलगुरू झाल्या. हुगळी नदीवर जहाजं आत-बाहेर नेणाऱ्या रेश्मा निलोफर २०१८ मध्ये भारतातल्या पहिल्या महिला रिव्हर पायलट झाल्या.

समुद्रावरून आलेल्यांसाठी मरीन सुपरिटेंडंट, टँकर तपासणी, बंदरातला पायलट, विमा आणि सरकारी नॉटिकल सर्व्हेयर अशा जागा असतात. यातल्या बऱ्याच ठिकाणी जाहिरातीत मास्टरचं प्रमाणपत्र मागितलेलं असतं, आणि मरीन सुपरिटेंडंटच्या जागेला अनेक कंपन्या कप्तान म्हणून केलेल्या कामाचे महिनेही विचारतात. त्यामुळे किनाऱ्यावर यायचं ठरलं असलं तरी मास्टर झाल्याशिवाय उतरू नका. चीफ मेटच्या प्रमाणपत्रावर उतरलेल्या बाईला तीच खुर्ची गाठायला ऑफिसात कितीतरी जास्त वर्षं घालवावी लागतात.